कोणता हात?

प्रिय ताई,

मी 31 वर्षांचा, पुण्यात राहतो, आठ वर्षं फ्रंट-एंड डेव्हलपर आहे, म्हणजे वेबसाइटची स्क्रीनवर दिसणारी बाजू लिहितो. क्लायंट कॅलिफोर्नियाचा. शुक्रवारी रात्री लॅपटॉप कितीही वाजता मिटला तरी शनिवारी पहाटे मी सॅक पाठीला लावून बाहेर पडतो. आधी नुसते ट्रेक करायचो, गेली चार वर्षं क्लाइंबिंग. पहिल्या मोठ्या बोनसमधून स्वतःचा रोप घेतला.

आता कंपनी मला टीम लीड करतेय. घेतलं तर शनिवार-रविवार संपले. नाही घेतलं तर, मॅनेजर आधीच म्हणतो की तू कमिटेड नाहीस. त्यात एआयमुळे आमचं पुढे काय होणार याची धास्ती. उत्तरकाशीचा गिर्यारोहणाचा 28 दिवसांचा बेसिक कोर्स करायचाय, सलग रजा मिळत नाही. बायको म्हणते, तू घरी असलास तरी अर्धाच असतोस. डिसेंबरात तैलबैलाच्या कातळावर मित्र लीड करत होता, म्हणजे पुढे चढत होता, मी खाली बिले देत होतो, त्याचा रोप सांभाळत. तेवढ्यात टीमच्या ग्रुपवर मेसेज आला, आयफोनवर पेमेंटचं बटण खालच्या पट्टीमागे जातंय म्हणून. एका हाताने 'चेकिंग' एवढंच टाइप केलं, मित्राला कळलंही नाही, पण मूड गेला तो गेलाच. धड काम नाही, धड डोंगर नाही. टीम लीड होऊ, की नोकरी सोडून सरळ इन्स्ट्रक्टर होऊ?

– दोन दगडांवर पाय

*

टाइप केलंस तो हात कोणता होता?

तुझ्या पत्रात बढती आहे, रजा आहे, मॅनेजर आहे. मी वाचत वाचत 'एका हाताने' या शब्दांपाशी आले आणि तिथेच थांबले. उरलेलं पत्र दुसऱ्या दिवशी वाचलं. तू ते वाक्य तुझा मूड का गेला हे सांगायला लिहिलंयस, जाता जाता. मला तुझ्या मूडबद्दल काहीही म्हणायचं नाही. मला त्या हाताबद्दल बोलायचं आहे.

माझी मुलगी चढते. सरावाच्या भिंतीवर तिला बिले द्यायला माणूस मिळायचा नाही, म्हणून वयाच्या 46व्या वर्षी मी ते शिकले. ज्यांनी कधी रोप धरलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. चढणारा रोपाच्या एका टोकाला बांधलेला असतो आणि खाली उभा असलेला त्याचा रोप सांभाळतो. खालच्याच्या हार्नेसला कमरेपाशी एक डिव्हाइस लावलेलं असतं, रोप त्यातून जातो. एका हाताने तो वर सोडत राहायचा. दुसऱ्या हाताची मूठ डिव्हाइसच्या खालच्या बाजूला रोपावर बंद. हा ब्रेकचा हात. वरचा निसटला तर रोप त्या मुठीमुळे अडकतो. मला शिकवणाऱ्या मुलीने पहिले तीन रविवार दुसरं काही शिकवलंच नाही. घाम पुसायला मी मूठ सैल केली की ती माझ्या मुठीवर स्वतःची मूठ घट्ट दाबायची आणि तशीच उभी राहायची. बोलायची नाही. तिच्या बोटांना चॉकची पांढरी पूड असायची, ती माझ्या हाताच्या मागच्या बाजूला उमटायची. घरी येऊन भांडी घासेपर्यंत ती खूण राहायची.

तर तू फोनवर टाइप केलंस ते एक तर ब्रेकच्या हाताने. म्हणजे तेवढा वेळ तुझा मित्र कशालाच बांधलेला नव्हता. किंवा दुसऱ्या हाताने, आणि हे तुला कमी वाईट वाटत असेल. मग सांग, त्याच क्षणी त्याला कातळात ठोकलेल्या वरच्या बोल्टमध्ये रोप अडकवायचा असता तर? एका हाताने कातळ धरून, दुसऱ्या हाताने रोप वर ओढत तो 'स्लॅक, स्लॅक', म्हणजे ढील दे, असं ओरडला असता आणि रोप आला नसता. लीड करणाऱ्याची सगळ्यात कच्ची अवस्था तीच. बोटं भरून आलेली, पाय थरथरायला लागलेले, आणि खाली रोप सोडणारा माणूस स्क्रीनकडे बघतोय.

तुझं डिव्हाइस आपोआप लॉक होणारं असेलही. ते बनवणारेसुद्धा ब्रेकचा हात काढू नका म्हणूनच सांगतात, हे तुला मी सांगायला नको.

आमच्या शेजारी तुझ्याच क्षेत्रातली एक मुलगी राहते. ती म्हणाली, बटण दाबल्यापासून 200 मिलिसेकंदांच्या आत स्क्रीनवर काही हललं तरच गूगल त्या पानाला चांगलं म्हणतं. मार्च 2024 पासून पानं या मापाने मोजली जातात. म्हणजे सेकंदाच्या पाचव्या हिश्शासाठी तू दिवस दिवस घासतोस. आता दुसरा हिशेब कर. सुटलेला माणूस पहिल्या सेकंदात जवळजवळ 5 मीटर खाली येतो आणि दोन सेकंद पुरे होईतो 20 मीटर, म्हणजे सहा मजले. मेसेज वाचून 'चेकिंग' लिहायला तुला किती सेकंद लागले? रोप नीट धरलेला असला तरी लीड करणारा शेवटच्या बोल्टच्या जितका वर असेल त्याच्या दुप्पट पडतो, वर रोपाचा ताण आणि ढील वेगळी. आणि आपला सह्याद्रीचा कातळ कसा आहे ते तू जाणतोस. वर्षभर घट्ट असलेली खोबण पावसाळ्यानंतर अख्खी हातात येते.

शेजारच्या मुलीला मी आणखी एक विचारलं. त्या बटणाचं त्या घडीला काय करता आलं असतं? ती म्हणाली, आधीची आवृत्ती परत चढवायची, ज्याच्याकडे अ‍ॅक्सेस आहे त्याने, पाच-दहा मिनिटांचं काम. ज्याने कोड लिहिला तोच लागतो असं नाही. आणि तैलबैलाच्या पायथ्याशी लॅपटॉपशिवाय उभा असलेला माणूस तर काहीच करू शकत नाही. मग 'चेकिंग' कशाला लिहिलंस? तू काही चेक करत नव्हतास. तिथून करूच शकत नव्हतास. मेसेज ग्रुपवर होता, तुझं नाव घेऊन कुणी हाक मारली नव्हती. मॅनेजरने त्या दिवशी तुझ्याकडे काहीही मागितलं नव्हतं, त्यामुळे याचा दोष त्याच्या माथी मारू नकोस. तू हजेरी लावलीस, बाकी काही नाही. मित्राचा जीव ज्या रोपावर होता त्या रोपावरचा हात काढून तू हजेरीपटावर सही केलीस.

बायकोने तुला तैलबैला न बघताच नेमकं ओळखलंय. अर्धाच असतोस. तिला तू हे सांगितलं नसणार, नाहीतर पत्रात तिचं वाक्य वेगळं असतं.

माझं आजोळ राजापूरकडचं. वैशाखात पाणी तळाला गेलं की विहिरीचा गाळ काढायचे. एक माणूस कमरेला दोर बांधून आत उतरायचा, आणि वर माझे मामा. दोराचा एक वेढा काठावरच्या आंब्याच्या बुंध्याला घातलेला, टोक मामांच्या दोन्ही हातांत. मी नऊ वर्षांची होते. मामीने ओटीवरून चहाला हाक मारली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा रागाने. मामांनी मान वळवली नाही. मग मामीने मला पिटाळलं. मी जाऊन त्यांचा सदरा ओढला, "मामा, चहा." त्यांचे डोळे दोर विहिरीच्या काठावरून जिथे आत वळत होता तिथे, आणि पायाची बोटं मातीत रुतलेली. मला वाटलं, त्यांना ऐकू येईनासं झालं. तो माणूस चिखलाने माखलेला वर आला, त्याने स्वतःच्या हाताने कमरेची गाठ सोडली, मग मामा माझ्याकडे वळले. म्हणाले, "बाय, दोर हातात असताना मला हाक मारायची नाही." मामीलाही तेवढंच ऐकवलं. पुढच्या वर्षी गाळ काढताना घरातून कुणी हाक मारली नाही. मामी चहाची किटली घेऊन विहिरीपाशी आली आणि गाठ सुटेपर्यंत लांब उभी राहिली.

तू कुणालाच असं सांगितलेलं नाहीस. टीमला नाही, मॅनेजरला नाही. क्लायंटची शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे तुझी शनिवारची सकाळ. हिवाळ्यात कॅलिफोर्निया आपल्या साडेतेरा तास मागे असतं, तिथे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा इथे सकाळचे साडेसात, आणि आपल्याकडे क्लाइंबिंगचा मोसम नेमका हिवाळ्याचा. त्यांनी घरी जाता जाता नवी आवृत्ती रिलीज केली की त्याचे धक्के तुझ्या खिशात बसणार. आठ वर्षं या कामात असलेल्या माणसाला हे डिसेंबरात कळलं असं नाही. तरीही फोन चालू ठेवून तू रोप धरलास.

आता तुझे प्रश्न. इन्स्ट्रक्टर व्हायचं म्हणतोस. ते नोकरी सोडून होता येत नाही. बेसिकला ए ग्रेड मिळाली तर अ‍ॅडव्हान्स, तिथे पुन्हा ए ग्रेड, मग शिकवण्याचा वेगळा कोर्स. पण ते राहू दे. आज तू कुणाच्या पंधरा वर्षांच्या मुलाला रोपावर घेणार असशील तर मी त्याच्या आईला नको म्हणून सांगेन. टीम लीडच्या जागेबद्दलही माझं तेच. या सवयीसकट लीड झालास तर तुझ्या टीममधली नवी पोरं तुझ्याकडे बघून शिकतील की शनिवारी सकाळी साडेसातला उत्तर देणारा तोच खरा कामाचा. कुणी गाडी चालवता चालवता 'चेकिंग' लिहील. एआयचं काय व्हायचं ते होईल, त्याचा या पत्राशी संबंध नाही. रजेचा आणि बढतीचा निर्णय दोन महिने थांबला तर कुणाचं काही बिघडत नाही.

एक गोष्ट मात्र थांबू शकत नाही. 'मित्राला कळलंही नाही' असं तू लिहिलंस, सुटकेच्या सुरात. त्याने त्या दिवशी तुझं 'बिले ऑन', म्हणजे 'रोप धरलाय', ऐकलं आणि जमिनीवरून पाय उचलला. वर पोचल्यावर अँकर लावून, म्हणजे स्वतःला कातळाला बांधून, तुला हाक मारली असेल, तू चढून गेला असशील, दोघांनी वर बसून डबा खाल्ला असेल. तू सेकंड मॅन म्हणून चढलास तेव्हा तुझा रोप त्याच्या हातात होता आणि त्याने तो सोडला नाही. तो अजून समजतो की तुझ्याकडूनही तसंच झालं. पुढच्या शनिवारी तो त्याच भरवशावर पुन्हा कातळाला हात लावेल.

त्याला सांग. याच आठवड्यात, शनिवारच्या आधी. फोनवर नको, मेसेज तर नकोच. त्याच्या घरी जा, त्याच्या बायकापोरांसमोर नको, खाली पार्किंगमध्ये उभं राहून सांग. 'काही झालं नाही ना' हे वाक्य तुझ्या तोंडून निघता कामा नये. तो म्हणाला तर म्हणू दे. मूड गेला होता हेही सांगू नकोस. कोणत्या हाताने टाइप केलंस ते सांग. आठवत नसेल तर आठवत नाही असं सांग, ते ऐकायला त्याला जास्त जड जाईल, तरी सांग. तो चिडेल. कदाचित गप्प होईल, आणि गिर्यारोहक गप्प होतात तेव्हा ते फार लांब जातात, हे मी मुलीकडे बघून शिकलेय. तू तिथून पळ काढू नकोस.

बोनसमधून घेतलेला तो रोप सोबत घेऊन जा, आणि त्याच्याकडे ठेवून ये. पुन्हा कधी जायचं, आणि तुझ्यासोबत जायचं की नाही, ते तो ठरवेल. त्याचा फोन येईल तेव्हा ये म्हणाला त्या वेळेला पोच, तुझा फोन गाडीच्या डिकीत बंद करून ठेव, आणि मग मला पत्र लिही. तेव्हा आपण बढतीचं बोलू.

– ताई