ठाण्याहून आई पहिल्यांदाच एकट्या न्यूयॉर्कला निघाल्या आहेत. मुंबई ते न्यूयॉर्क अंतर किती आणि विमानाला किती तास लागतात?

सरळ हवाई अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. थेट विमान जाताना १५ ते १६ तास घेतं, येताना मात्र तास-दीड तास कमी. कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. मध्ये विमान बदलायचं असेल तर २० तासांच्या वर धरा.

वेळेचा हिशोब आईंना कागदावर लिहून द्या. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. म्हणजे जुलैत रात्री २ ला निघालेलं १६ तासांचं विमान तिथे त्याच दिवशी सकाळी साडेआठला उतरतं. माझ्या आईने घड्याळ बदललंच नव्हतं, त्यामुळे औषधाच्या गोळ्यांची वेळ ती बरोबर पाळू शकली. हे मला फार आवडलं. पण तुमच्या आईंची औषधं असतील तर डॉक्टरांना आधी विचाराच.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा, अगदी चालत्याफिरत्या असल्या तरी. रांगा लांब असतात आणि सोबत माणूस मिळतो, हा धीर मोठा. दर दोन तासांनी उठून चार पावलं चालायला सांगा, पाय सुजतात.

आणि घोडबंदर रोडवरून निघणार असाल तर विमानाच्या किमान पाच तास आधी घर सोडा.