‘चहाची चव’ आणि दोन च

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. जूनपासून तू ध्वनिविज्ञान शिकवणार हे कळलं आणि फार आनंद झाला.

पहिल्याच तासाला फळ्यावर वर्णमालेचा तक्ता काढू नकोस. मुलांना ‘चहाची चव’ म्हणायला लाव. पहिल्या दोन च-ना जीभ टाळूकडे जाते, ‘चव’ला दातांच्या मुळाशी. जन्मभर हे बिनचूक करत आलेल्या मुलांना आपण दोन वेगळे ध्वनी काढतो याचा पत्ताच नसतो, कारण लिपीत अक्षर एकच. मग ‘माझा’, ‘माझी’ म्हणून घे. पुढे ई आली की झ तालव्य (म्हणजे टाळूकडचा) का होतो, ते त्यांचं त्यांना सापडू दे. मग कुणीतरी विचारेल, ‘चहा’त तर पुढे ई नाही, तरी च तालव्य कसा? तो प्रश्न आला की तास जमला. (चहा बाहेरून आलेला शब्द, स्वतःचा च घेऊनच आला.)

एक गोष्ट मला अजून सलते. सुरुवातीच्या वर्षांत वऱ्हाडातला एक मुलगा वर्गात ‘डोया’ म्हणाला. मी सगळ्यांसमोर त्याच्याकडून तीनदा ‘डोळा’ म्हणवून घेतलं. वर्षभर तो पुन्हा तोंड उघडून बोलला नाही. त्याच्या बोलीत ‘काळा’चं ‘काया’, ‘फळ’चं ‘फय’ होतं. ळच्या जागी नेमाने य. मी ज्याला चूक म्हटलं तो नियम होता, आणि असे नियम शोधण्यासाठीच मला पगार मिळत होता. तुझ्या वर्गात असं मूल असेल तर त्याच्याकडून वीस-पंचवीस शब्द उतरवून घे, आणि वर्गाला त्यातला नियम काढायला सांग.

जिभेचा प्रयोग जरूर कर. औषधी कोळशाची पूड खाद्यतेलात कालवायची, जिभेच्या टोकाला आणि पुढच्या भागाला लावायची, एकच शब्द म्हणायचा आणि तोंडात आरसा धरून टाळूवरचा काळा ठसा बघायचा. ‘चारा’ किंवा ‘चार’ घेऊ नकोस, र-चा ठसा मिसळतो. ‘चव’ आणि ‘चहा’ घे. त्यांत दुसरा कुठलाच ध्वनी जीभ टाळूला टेकवत नाही. मध्ये चूळ भरायला लाव, आणि ब्रश प्रत्येकाचा वेगळा.

माझा छोटा आरसा पाठवतो आहे. कडेला टवका उडालाय तिथे चिकटपट्टी लावली आहे, तेवढी सांभाळ.

तुझा,
सर