पहिल्यांदाच बीफ रोस्ट करताय?
पहिल्या रोस्टसाठी महागडा, बिनचरबीचा तुकडा घेऊ नका. खांद्याचा, पांढरे पडदे दिसणारा दीडेक किलोचा तुकडा मागा. त्या पडद्यांतलं कोलॅजन (चिवट प्रथिन) मंद आचेवर हळूहळू विरघळतं आणि मांस मऊ पडतं. घाई केली की तोच तुकडा चामट लागतो.

आधी मांस पुसून अगदी कोरडं करा, नाहीतर ते भाजण्याऐवजी वाफेवर शिजतं. मीठ चोळून जाड बुडाच्या भांड्यात कडकडीत तेलावर ठेवा आणि लगेच हलवू नका. सुरुवातीला चिकटतं, नीट तांबूस झालं की आपसूक सुटतं. सगळ्या बाजू झाल्या की मांस काढून कांदा परता, पाणी घालून बुडाला लागलेलं खरपूस खरवडून घ्या. खरी चव त्यातच असते, ती धुऊन टाकू नका!

मांस परत भांड्यात ठेवा. ते अर्धं बुडेल एवढंच पाणी, वर घट्ट झाकण, ओव्हन १५० अंश सेल्सिअस, साधारण साडेतीन तास. गाजर-बटाटे शेवटच्या तासाला घाला. काटा टोचून सहज फिरला की झालं. अडला तर घाबरू नका, आणखी अर्धा तास ठेवा. बाहेर काढल्यावर १५ मिनिटं थांबा आणि धाग्यांना आडवं कापा.