गोपनीयता, पाळत आणि एक गुराखी

एका वाचकाचा प्रश्न आहे : ‘सरकारला लोकांचे फोन ऐकू देणाऱ्या, संदेश वाचू देणाऱ्या कायद्यांच्या बातम्या येतात तेव्हा सर्व्हेलन्ससाठी कुणी देखरेख लिहितं, कुणी टेहळणी, कुणी निगराणी. नेमका शब्द कोणता? आणि प्रायव्हसीला गोपनीयता म्हणतात ते बरोबर आहे ना?’

पहिल्याचं उत्तर ‘पाळत’. दुसऱ्याचं ‘नाही’. इथेच थांबता आलं असतं, पण त्या शेवटच्या ‘ना?’ने माझी झोप घालवली आहे.

पहिला प्रश्न आधी उरकतो. देखरेख उघड असते. ज्याच्यावर ती असते त्याला ती ठाऊक असते आणि काम नीट व्हावं एवढाच तिचा हेतू असतो. बांधकामावर देखरेख असते, परीक्षेवर असते. टेहळणी लांबून होते, आणि ती बहुधा मुलखाची किंवा शत्रूच्या हालचालींची होते. टेहळणीचा बुरूज गडाबाहेर तोंड करून उभा असतो. गडावरची माणसं आपापसांत काय कुजबुजतात हे ऐकणं त्याचं काम नाही. ते ऐकायला ज्याला सोडलेलं असतं तो पाळतीवर असतो. मांजर उंदराच्या पाळतीवर असतं. ते उंदरावर देखरेख करतं असं कुणी लिहिलं तर आपण हसू, पण सरकार नागरिकांवर ‘देखरेख’ करतं असं छापून आलं की निमूट वाचतो.

राहिली निगराणी. शब्द मूळचा फारसी, आपल्याकडे सध्या येतो तो हिंदी बातम्यांच्या भाषांतरातून. फारसीशी माझं वैर नाही, असतं तर मराठीत बोलणं मुश्कील झालं असतं. घरात शब्द असताना शेजाऱ्याकडे वाटी घेऊन जाण्याला माझा आक्षेप आहे. शिवाय त्याच फारसीतल्या ‘निगाह’चं आपण केव्हाच सोनं केलं आहे. निगाह म्हणजे नजर. हिंदीत ती नजरच राहिली. मराठीत तिची ‘निगा’ झाली. झाडांची निगा, दातांची निगा, आजाऱ्याची निगा. (फारसीतही ‘निगाह दाश्तन’ म्हणजे सांभाळून ठेवणं, तेव्हा सगळं श्रेय आपलं नाही.) बघण्याचा शब्द आपण सांभाळण्याला लावला. याच्या उलट, सांभाळण्याचा शब्द बघण्याला लावल्याचंही उदाहरण आहे, आणि गंमत अशी की ते उदाहरण म्हणजे खुद्द ‘पाळत’. तिकडे येतोच.

आता डोक्यात जाणारा शब्द. गोपनीयता.

बातमी कुठलीही घ्या. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन या अमेरिकी गुप्तचर यंत्रणेत काम केलेल्या माणसाने अमेरिकी सरकारच्या घाऊक पाळतीची कागदपत्रं बाहेर काढली ती घ्या, किंवा अलीकडची ॲपलची. आयक्लाउडवर, म्हणजे ग्राहकांचा साठा कंपनीकडे राहतो तिथे, ॲपलने एक जादा कुलूप दिलं होतं. ते लावलं की किल्ली फक्त तुमच्या यंत्रांवर राहते, खुद्द कंपनीलाही बहुतेक साठा उघडता येत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रिटनमधल्या ग्राहकांपुरतं ते कंपनीने काढून घेतलं. ब्रिटनच्या २०१६ च्या कायद्याखाली सरकारने आत शिरायची वाट मागितल्याच्या बातम्या त्याआधी आल्या होत्या. अशा बातमीवर आपल्याकडच्या प्रतिक्रिया मी आता डोळे मिटून सांगू शकतो. पहिला म्हणतो, ‘हा गोपनीयतेवर घाला आहे.’ दुसरा लगेच, ‘एवढं लपवायचंय काय? कर नाही त्याला डर कशाला!’ तिसरा त्याला दुजोरा देतो, ‘चोराच्या मनात चांदणं.’ वाद तिथेच संपतो आणि पहिला माणूस विनाकारण हरतो.

तो हरतो, कारण शब्दच त्याने हरणारा निवडला. ‘अनीय’ हा प्रत्यय योग्यता दाखवतो. पूजनीय म्हणजे पूजा करण्याजोगं, वंदनीय म्हणजे वंदन करण्याजोगं, तसं आजच्या अर्थाने गोपनीय म्हणजे लपवून ठेवण्याजोगं. ‘माझ्या गोपनीयतेचं रक्षण करा’ म्हणणारा माणूस व्याकरणदृष्ट्या कबुलीजबाबच देत असतो : माझ्याजवळ लपवण्याजोगं काहीतरी आहे. समोरच्याने ‘काय लपवताय?’ असं विचारलं तर त्याचा दोष काय?

प्रायव्हसीत लपवण्याचा संबंध नाही. पाकीट आठवा. ‘आम्ही सर्व मजेत, तुमची तब्येत कशी?’ एवढंच लिहिलेला कागद घडी करून आपण आत सरकवत होतो, पाकिटाची कड जिभेने ओली करत होतो आणि अंगठ्याने दाबत होतो. आत एकही गुपित नसे. तरी पत्र उघडून हातात पडलं की अंगावर काटा येई. (वाटेत पत्र अडवायची सोय १८९८ च्या टपाल कायद्याच्या २६ व्या कलमात होती, म्हणजे हा काटा काही इंटरनेटने आणलेला नाही.) त्या पत्रातला मजकूर खासगी होता, गोपनीय नव्हता. न्हाणीघराला कडी लावणाऱ्याला आत काय कट शिजतोय असं आपण विचारत नाही.

गोपनीयता चपखल बसते ती दुसरीकडे. मंत्री पदाची आणि गोपनीयतेची शपथ घेतात. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत तिचा मसुदा आहे. तिथे खरोखर काहीतरी लपवून ठेवायचं असतं. म्हणजे बघा, गोपनीयता ही सरकारची आणि खासगीपणा नागरिकाचा. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा आपल्या बहुतेक मथळ्यांत झळकला ‘गोपनीयतेचा अधिकार’. निकाल नागरिकाला मिळाला आणि शब्द मंत्र्याचा. एका मुरलेल्या भाषांतरकारांशी यावरून माझी जुंपली होती. ‘रूढ झालाय, आता सोडा,’ असं त्यांचं म्हणणं. रूढ तर हुंडाही होता.

पण हे सगळं बाजूला ठेवा. ज्यासाठी मी हे लिहायला बसलो ते आता येतंय.

गोपनीय, गोपन, गुप्त, गुपित ही सगळी मंडळी ‘गुप्’ची. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, गुप्‌चा अर्थ रक्षण करणे असा आहे. लपवणे नव्हे, रक्षण करणे. चंद्रगुप्त म्हणजे चंद्रामागे दडलेला कुणी नव्हे, चंद्राने राखलेला. विष्णुगुप्तही तसाच. जपून ठेवलेली वस्तू लोक झाकून ठेवतात, म्हणून हळूहळू राखलेलं ते झाकलेलं झालं आणि झाकलेलं ते लपवलेलं.

आता हा गुप् आला कुठून? इथे परंपरेतल्या वैयाकरणांचं आणि माझं जमत नाही. पाणिनी गुप् हा मूळ धातू धरतो, त्याला ‘आय’ लावतो आणि ‘गोपायति’ सिद्ध करतो. आधी गुप्, नंतर गोपायति. गाईचा दूरान्वयानेही संबंध नाही. भाषेचा इतिहास बघणारे नेमकं उलटं सांगतात, आणि मी त्यांच्या पंगतीत बसतो. आधी होता ‘गोपा’. गो अधिक पा, गाई राखणारा, सरळ गुराखी. ऋग्वेदात तो पदोपदी भेटतो, आणि तिथेच तो गाईंच्या पुढे गेलेला आहे : पहिल्याच सूक्तात अग्नीला ऋताचा, म्हणजे विश्वाच्या नियमाचा, गोपा म्हटलं आहे. या गोपावरून क्रियापद झालं गोपायति, म्हणजे गुराख्यासारखं वागणं, राखणं. आणि मग वापरणाऱ्यांना वाटलं की एवढं मोठं क्रियापद आहे त्या अर्थी पोटात एखादा छोटा धातू असणारच. त्यांनी पोट फाडून ‘गुप्’ बाहेर काढला. ज्याला आपण आजा समजतो तो खरा नातू आहे.

यावर ‘मग पाणिनी चुकला का?’ असा टोमणा ठरलेला. नाही चुकला. यंत्र कसं चालतं हे त्याने दाखवलं. ते कुठल्या भट्टीतून निघालं हे सांगायला तो बसलाच नव्हता. चुकतात ते, जे त्याच्या अष्टाध्यायीला वंशावळ समजून वाचतात.

आता ‘पाळत’ घ्या. पाळत आली पाळणेवरून, जशी रंगत रंगणेवरून. (ती ‘पाळी’वरून आली, कारण पहारेकरी पाळीपाळीने जागतात, असं एक मत मला अधूनमधून ऐकवलं जातं. ऐकायला छान आहे, पण पाळी जाते ‘पालि’कडे, म्हणजे ओळीकडे, रांगेकडे. दोन शब्द दिसायला सारखे म्हणून त्यांचं लग्न लावून द्यायचं नसतं.) पाळणे आलं पालयतिवरून, आणि पालयति हे ‘पा’चंच रूप, हे परंपराही मान्य करते. कुठला पा? राखणे अर्थाचा. गोपातला!

म्हणजे गोपनीय आणि पाळत ही एकाच धातूची लेकरं. आज एकमेकांची गचांडी धरून न्यायालयात उभे असलेले दोन शब्द एका गुराख्याच्या घरचे निघाले. हे मला पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी कोश मिटून खोलीत दोन फेऱ्या मारल्या होत्या.

यापुढचं माझं मत आहे, पुरावा मागू नका. गुराख्याच्या डोळ्याला दोन कामं असतात. तो रानाकडे बघतो, वाघ येईल म्हणून. आणि तोच डोळा वळवून कळपाकडे बघतो, एखादी चुकार गाय कुणाच्या पिकात शिरेल म्हणून. डोळा एक, माणूस एक, नजरा दोन. बाहेर बघणाऱ्या नजरेतून रक्षण, झाकणं, गोपन आलं. आत वळलेल्या नजरेतून पाळत आली. ‘राखणे’ची साक्ष काढतो : शेत राखणं आहे, मान राखणं आहे आणि कुणावर नजर राखणंही आहे. तिथेही सांभाळणं आणि बघणं एकाच दावणीला बांधलेलं. कायद्यांची भाषाही हेच करते. १८८५ चा तार कायदा घ्या की २०२३ चा दूरसंचार कायदा, संदेश अडवण्याच्या कलमात ‘सार्वजनिक सुरक्षितता’ हे शब्द आहेतच. तुम्हाला राखायचं म्हणून तुमच्याकडे बघतो. गाईला यावर काय वाटतं ते कुठल्याच कोशात नाही.

नाही कसं, आहे! ‘जुगुप्सा’. हासुद्धा गुप्‌चाच, इच्छादर्शक. स्वतःला राखावंसं वाटणं, म्हणून अंग चोरणं, म्हणून किळस. आपले संदेश तिसरा कुणी वाचतोय असं कळल्यावर पोटात जे ढवळतं त्याला भीती म्हणत नाहीत, आणि ‘डर कशाला’ विचारणाऱ्यांना हेच उमगत नाही. ती जुगुप्सा असते, अगदी धात्वर्थाने.

(फ्रेंच सर्व्हेलन्समध्ये गाय-बिय काही नाही. ‘वरून’ आणि ‘जागणं’ एवढंच आहे. १७९३ च्या मार्चमध्ये क्रांतीच्या फ्रान्सने परक्या माणसांवर नजर ठेवायला ठिकठिकाणी समित्या नेमल्या, त्यांच्या नावातच हा शब्द होता. शब्दाची संगतच अशी म्हटल्यावर काय बोलणार.)

गोपनीयता नको तर काय? खासगीपणा. यावर हमखास आक्षेप येतो की खासगी म्हणजे खासगी शाळा, खासगी बस, लोकांना धंदा आठवतो. आठवू दे. शब्दाचं कूळ त्याहून मोठं आहे. अरबीतला ‘खास’, त्याला फारसी शेपूट. मराठेशाहीत खासगी म्हणजे राज्यकर्त्याच्या घरचा स्वतंत्र कारभार, दौलतीच्या हिशेबापासून वेगळा. तो बघणारे ते खासगीवाले, आणि ते आडनाव अजून आहे. होळकरांच्या घराण्यात राणीची खासगी वेगळी असे. अहिल्याबाईंनी देशभर घाट आणि देवळं बांधली ती त्या उत्पन्नातून. दरबाराने हिशेब विचारायचा नाही असा कोपरा, तो खासगीचा. तेव्हा तो राजाराणीलाच होता, आता तो प्रत्येकाला आहे असं नऊ न्यायाधीश म्हणतात. मला तरी याहून नेमका शब्द सापडत नाही. फक्त ‘खाजगी’ लिहू नका. चालतो म्हणतात, पण मूळ शब्दात ज नाही, आणि खाजेचा तर मुळीच संबंध नाही.

अरे हो, मूळ प्रश्न सर्व्हेलन्सचा होता. पाळत लिहा. एका माणसावर असेल तर नुसती पाळत, सगळ्यांवर एकदम असेल तर सरसकट पाळत. ‘सामूहिक पाळत’ नको, त्यात सगळ्यांनी मिळून एकावर ठेवल्यासारखं वाटतं. आणि पाळत ‘करत’ नाहीत, ‘ठेवतात’.