मनगटातली दबलेली नस, केसपेपरवरची 'चार वर्षं' आणि अडलेला क्लेम

तुमची पोस्ट दोनदा वाचली. नाशिकहून एकटीने चालवलेला पाककृतींचा ब्लॉग, रात्री उजव्या हाताला मुंग्या, पुढच्या आठवड्यात मनगटाची शस्त्रक्रिया. आणि दवाखान्यातल्या विम्याच्या टेबलावरून तोंडी निरोप की आजार पॉलिसीच्या आधीचा आहे, कॅशलेस (बिल कंपनीने थेट दवाखान्याला देणं) होणार नाही. पॉलिसी दोन वर्षं चार महिन्यांची आणि केसपेपरवर 'चार वर्षांपासून त्रास'. अशाच एका ओळीने माझा क्लेम अडवला होता, म्हणून लांबलचक लिहितेय. मी डॉक्टर नाही आणि विमा सल्लागारही नाही. तुमच्या पॉलिसीची कलमं वेगळी असू शकतात, ती समोर ठेवूनच हे वाचा.

पॉलिसी कोणती घ्यावी, किती रकमेची घ्यावी, हे सगळं सोडून देते. तुमचा प्रश्न त्या एका ओळीचा आहे.

ती ओळ कशी येते ते आधी बघा. ओपीडीत ज्युनियर डॉक्टर घाईत विचारतात, 'काम काय करता? किती वर्षं? कधीपासून दुखतंय?' आपण सगळ्याचं एकत्र उत्तर देतो: 'लिहिण्याचं काम आहे, चार वर्षं झाली, हात तर दुखतोच.' कागदावर उतरतं एवढंच की दोन्ही हातांत वेदना, चार वर्षं. कामाची वर्षं आजाराला चिकटतात. मग तोच आकडा कॅशलेसच्या अर्जात जातो. त्या अर्जात डॉक्टरांनी भरायच्या भागात सध्याच्या आजाराचा कालावधी, पहिल्या तपासणीची तारीख आणि आधीचा इतिहास असे रकाने असतात. बऱ्याच ठिकाणी ते टेबलावरची व्यक्ती केसपेपर बघून भरते, डॉक्टर सही करतात, आणि आपण न वाचता आपली सही ठोकतो. तिथून तो आकडा डिस्चार्ज कार्डवर. एकदा तीन कागदांवर तेच आलं की कंपनीला आयता पुरावा मिळतो.

माझं सगळ्यात मोठं नुकसान या न वाचता केलेल्या सहीने केलं. तुमची शस्त्रक्रिया अजून व्हायची आहे, म्हणजे डिस्चार्ज कार्ड अजून लिहिलं गेलेलं नाही. ही फार मोठी सवलत आहे, ती वाया घालवू नका.

आता व्याख्या. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार 'आधीपासूनचा आजार' म्हणजे पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलेला, किंवा ज्यावर डॉक्टरांनी सल्ला अथवा उपचार सुचवला किंवा दिला तो आजार. शब्द नीट वाचा. दिवसभर टाइप करून हात भरून येणं, घरी बाम चोळणं, कणीक मळताना मनगट ठणकणं हे त्यात बसत नाही. निदान हवं किंवा डॉक्टरांचा सल्ला हवा, आणि त्याला तारीख हवी. तुमच्या पोस्टवरून नसेची तपासणी, म्हणजे एनसीएस, याच वर्षी पहिल्यांदा झाली असं दिसतं. तसं असेल तर निदानाची तारीख तीच, आणि तो रिपोर्ट तुमच्या फायलीतला सगळ्यात वजनदार कागद.

म्हणून उद्याच डॉक्टरांकडे जा, टेबलावर नाही. लेटरहेडवर, नोंदणी क्रमांक आणि शिक्क्यासह प्रमाणपत्र मागा. त्यात असावं: तुम्हाला पहिल्यांदा तपासल्याची तारीख, एनसीएसची तारीख आणि निष्कर्ष, रात्रीच्या मुंग्या व बधिरपणा नेमका कधीपासून, त्याआधी या तक्रारीसाठी उपचार झाले होते का, आणि केसपेपरवरची 'चार वर्षं' कशाबद्दल आहेत. ओपीडी क्रमांकाचा उल्लेख हवाच, नाहीतर हा कागद त्याच केसपेपरशी जोडला जात नाही. मूळ केसपेपरवर खाडाखोड अजिबात करून घेऊ नका. पांढरी शाई किंवा आकड्यावर गिरवलेला आकडा दिसला की प्रकरण थेट फसवणुकीच्या संशयाकडे वळतं. दुरुस्ती वेगळ्या कागदावर, आजच्या तारखेने.

आणि हे स्पष्ट लिहिते: डॉक्टरांना खोटं लिहायला सांगू नका. पॉलिसी घेण्याआधीच्या वर्षात या हातासाठी खरंच कुठे दाखवलं असेल, मनगटाचा पट्टा दिला गेला असेल, तर तुमची बाजू वेगळी आहे आणि हे प्रमाणपत्र उपयोगाचं नाही. मग मुद्दा येतो पॉलिसी घेताना भरलेल्या प्रस्ताव अर्जाचा. त्याची प्रत कंपनीकडून मागवा. आरोग्याच्या प्रश्नांपुढे 'नाही'च्या खुणा कुणी केल्या आणि तुम्हाला ते प्रश्न विचारले तरी होते का, हे त्यात दिसतं. एजंटने दोन मिनिटांत फोनवर अर्ज भरून ओटीपी मागितला असेल तर तो अर्ज तुम्ही आजवर पाहिलेलाही नसेल. सलग ६० महिने पॉलिसी चालल्यावर कंपनी माहिती लपवल्याचा मुद्दा काढू शकत नाही, सिद्ध झालेली फसवणूक सोडून. तुम्ही त्या मुदतीच्या आत आहात, त्यामुळे ती ढाल तुम्हाला नाही.

प्रमाणपत्र मिळालं की कॅशलेसचा अर्ज फेरविचारासाठी पुन्हा पाठवायला लावा. नियामकाने कॅशलेसच्या निर्णयाला एक तास आणि डिस्चार्जच्या वेळच्या अंतिम मंजुरीला तीन तास दिलेले आहेत. टेबलावर 'दोन दिवस लागतील' म्हणाले तर हे शांतपणे सांगा. पाठवण्याआधी भरलेल्या अर्जाचा फोटो काढून घ्या, कालावधीचा रकाना स्वतः वाचा.

तरीही नकार आला तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: कॅशलेस नाकारणं म्हणजे क्लेम नाकारणं नव्हे. पैसे भरून शस्त्रक्रिया करून नंतर परताव्यासाठी पूर्ण क्लेम टाकता येतो. आणि क्लेम नाकारायचा अधिकार फक्त विमा कंपनीचा आहे, कंपनीच्या वतीने क्लेमचे कागद हाताळणाऱ्या मधल्या एजन्सीचा, म्हणजे टीपीएचा, नाही. इथेच मी ज्या कार्यालयाशी झुंजले (नाव लिहीत नाही) तिथे प्रत्येक फोनला 'सिस्टिममध्ये रिजेक्ट दिसतंय' एवढंच उत्तर. कुणी नाकारलं, कोणत्या कलमाखाली, पत्र कुठे आहे, यातलं काहीही नाही. ईमेलला तोच साचेबंद मजकूर, फक्त तारीख बदललेली. एका हाताला बँडेज असलेल्या माणसाला तेच कागद पुन्हा पुन्हा स्कॅन करून पाठवायला लावणं हा छळ आहे, दुसरा शब्द नाही. लोक या टप्प्यावर थकून सोडून देतात. फोनवरच्या नकाराला लेखी अस्तित्व नसतं. पुढच्या प्रत्येक पायरीवर ते पत्र लागतं, म्हणून ईमेलवर एकच मागणी लावून धरा: पॉलिसीच्या नेमक्या कलमाचा उल्लेख असलेलं कंपनीचं नकारपत्र द्या, आणि नकाराआधी क्लेम तपासणाऱ्या कंपनीच्या समितीची, म्हणजे क्लेम रिव्ह्यू कमिटीची, मंजुरी घेतली आहे का ते कळवा. २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे या दोन्ही गोष्टी बंधनकारक आहेत. हे दोन मुद्दे लिहिलेल्या ईमेलला साचेबंद उत्तर देणं अवघड जातं.

नकारपत्र आलं की कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा, ती नियामकाच्या 'बिमा भरोसा' या तक्रार पोर्टलवरही नोंदवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारे अधिकारी. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, तुमच्या पत्त्याप्रमाणे कोणतं ते त्यांच्या संकेतस्थळावर कळतं. फी नाही, वकील लागत नाही. ५० लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत जायला हवं, आणि निकाल कंपनीवर बंधनकारक असतो. एकच पथ्य: तेच प्रकरण आधी ग्राहक आयोगात दाखल केलं असेल तर लोकपाल ते घेत नाहीत. माझं मत विचाराल तर आधी लोकपालच. तक्रार दोन पानांत मावली पाहिजे: तारखा, व्याख्येतली ओळ, एनसीएस रिपोर्ट, डॉक्टरांचं प्रमाणपत्र. झालेला मनस्ताप त्यात लिहू नका, त्याने मुद्दा पातळ होतो.

परताव्याच्या फॉर्मबद्दल एक बारीक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. उजव्या हाताची शस्त्रक्रिया म्हणजे काही दिवस सही नाही, आणि झाली तरी बँकेतल्या सहीशी जुळेल याची खात्री नाही. फॉर्मचा 'भाग अ' आपण भरायचा असतो. बिलाच्या रकमा सोडून बाकी सगळं आधीच भरून, सही करून घरी ठेवा, रद्द केलेला चेक सोबत. 'भाग ब' दवाखाना भरतो. एनसीएसची फी, आधीच्या तपासण्या आणि नंतरची फिजिओथेरपी हे दाखल होण्याआधीच्या व नंतरच्या खर्चात येतं, बहुतेक पॉलिसींत ३० आणि ६० दिवस. पावत्या फेकू नका. संपूर्ण केसपेपरची प्रतही लेखी अर्ज करून मागा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे ती ७२ तासांत मिळायला हवी.

हाताबद्दल थोडंच. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होत असेल, रात्री जाग येऊन हात झटकावा लागत असेल तर मनगटातली नस दबल्याचं चित्र जुळतं. करंगळीही बधिर असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, ती नस वेगळी, कोपराकडून येणारी. थायरॉइड आणि साखर तपासली नसेल तर आधी तपासा, दोन्हींमुळे हाच त्रास होऊ शकतो. नुसत्या टायपिंगने ही नस दबते याचा पुरावा तितका पक्का नाही, त्यामुळे 'ब्लॉगमुळे झालं' असं स्वतःहून कुणाला, निदान केसपेपर लिहिणाऱ्याला तरी, सांगत बसू नका. त्रास सौम्य असेल तर रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा पाच-सहा आठवडे लावून बघतात. पण अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग सपाट व्हायला लागला असेल तर चालढकल नको, गेलेला स्नायू पूर्ण परत येईलच असं नाही.

शस्त्रक्रिया सहसा जागेपुरती भूल देऊन होते आणि त्याच दिवशी घरी पाठवतात. डे-केअरमध्ये मोडते, त्यामुळे २४ तास दाखल राहण्याची अट लागू होत नाही. टाके १० ते १४ दिवसांनी. बोटं पहिल्या दिवसापासून हलवायची, हात उशीवर उंच. हलकं टायपिंग काही दिवसांत जमतं, पण तुमचं काम नुसतं टायपिंगचं नाही. कणीक मळणं, भरलेली कढई उचलणं, खलबत्ता हे महिना-दीड महिना तरी बंद धरा. तळहाताच्या बुडाशी दाबल्यावर दुखणं काही महिने राहतं, ते बिघडल्याचं लक्षण नव्हे. म्हणून आत्ता उरलेल्या दिवसांत लिहू नका, शिजवा आणि फोटो काढा. पाच-सहा पाककृतींचे फोटो आणि बोलून ठेवलेली कृती हाताशी असली की मजकूर नंतर तयार होतो.

बोलून लिहायला गूगल डॉक्समध्ये मराठी चालतं. प्रमाणं आणि 'चमचा, वाटी' ते बरं पकडतं, विरामचिन्हं मात्र नंतर घालावी लागतात. मोबाइलवर डाव्या अंगठ्याने भराभर टाइप करत बसाल तर त्या अंगठ्याच्या मुळाशी दुसरं दुखणं सुरू होऊ शकतं. बोलूनच लिहा. तयार लेख तारखा लावून शेड्यूल करून टाका. डोमेनची मुदत बघा, दोन महिन्यांत संपत असेल तर आजच वाढवा. परदेशी कंपन्यांचं कार्डावरचं आपोआप नूतनीकरण आपल्याकडे अनेकदा अडकतं, आणि तो ईमेल तुम्ही भूल उतरत असताना येऊ नये.

पैशाचं वेळापत्रक असं आहे: गूगलच्या जाहिरातींची, म्हणजे अ‍ॅडसेन्सची, एका महिन्याची कमाई पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेदरम्यान निघते, शिल्लक १०० डॉलरच्या वर असेल तर. म्हणजे शस्त्रक्रियेच्या महिन्यात पैसे येतील, खड्डा त्याच्या पुढच्या महिन्यात दिसेल. तुमची बँक प्रत्येक वेळी परदेशातून आलेल्या रकमेचं कारण विचारत असेल तर जाहिरात सेवेचा पी१००७ हा कोड देऊन फॉर्म आधीच भरून ठेवा, तिथेही सहीच लागते.

'वैयक्तिक अपघात विमा आहे, त्यातून आठवड्याचे पैसे मिळतील का' असं तुम्ही शेवटी विचारलंय. नाही मिळणार. तो विमा अपघाताचा आहे, दबलेली नस हा आजार. दवाखान्याच्या रोख भत्त्याची पॉलिसीही सहसा २४ तास दाखल असल्याशिवाय पैसे देत नाही. एकट्याने काम करणाऱ्यासाठी या काळाचा आधार म्हणजे बाजूला ठेवलेले तीन महिन्यांचे घरखर्चाचे पैसे, आणि ते नसतील तर क्लेमचे पैसे वेळेत येतील हे गृहीत धरून दवाखान्याचं बिल क्रेडिट कार्डावर ढकलू नका. त्याऐवजी शस्त्रक्रिया दोन आठवडे पुढे ढकलता येते का, हे डॉक्टरांना विचारा. स्नायू शाबूत असेल तर बहुतेकदा येते, आणि तेवढ्या वेळात फेरविचाराचं उत्तरही हातात पडतं. प्रमाणपत्र मिळालं की त्यातली कालावधीची ओळ नाव आणि नंबर झाकून इथे टाका, मी वाचून सांगते.