कंदीलपुष्पाचं बी गडावर टाकायच्या आधी

मित्रा, घरी कंदीलपुष्पं वाढवतोयस, छान, पण ते बी परत हरिश्चंद्रगडावर टाकायचा विचार सध्या तरी सोड. बहुतेक सेरोपेजियांचे (म्हणजे कंदीलपुष्पांच्या जातींचे) क्रोमोसोम 22च असतात, म्हणजे दोन जातींचा संकर जमायला आकड्याची आडकाठी नाही, आणि फुलाच्या नळीत अडकलेली बारीक माशी पराग घेऊन निघाली की शेजारच्या कुंडीत दुसरी जात फुललीय का हे ती थोडीच बघते? शिंगांसारखी शेंगांची जोडी फुटली की पांढऱ्या केसांवर बी उडतं, त्यामुळे आधीच जाळीची पिशवी बांध, लेबलवर ठिकाण लिही. ईव्हान्साय, लॉवी अशा मोजक्या जागी उरलेल्या जातींत बाहेरचे जीन्स घुसले तर परत काढता येत नाहीत. आणि कंद उपटून आणू नकोस, प्लीज.