राऊटर एका कंपनीचा, डोंगल दुसऱ्या कंपनीचं

भाऊ, राऊटर टीपी-लिंकचा आहे म्हणून डोंगलही (लॅपटॉप-कॉम्प्युटरला वाय-फाय पकडून देणारी यूएसबीची छोटी कांडी) त्याच कंपनीचं पाहिजे, असं काही नाही. सगळं वाय-फाय ८०२.११ याच मानकावर चालतं. डी-लिंकचं डोंगल बिनधास्त लाव. मात्र खोक्यावरचं बारीक अक्षर वाच. नुसतं 'एन १५०' लिहिलेलं स्वस्त डोंगल बहुधा २.४ गिगाहर्ट्झच पकडतं (वाय-फायच्या लहरींचे २.४ आणि ५ असे दोन पट्टे असतात), राऊटरचं ५ गिगाहर्ट्झचं नाव त्याला दिसतच नाही. गावाकडच्या मातीच्या जाड भिंतींतून २.४ च जास्त लांब पोचतं, म्हणून राऊटरमध्ये २.४ बंद करू नको.

आमच्या घरी जुन्या लॅपटॉपला नाव दिसे, पासवर्ड बरोबर, तरी जोडणी होईना. दोन दिवस गेले. शेवटी कळलं, राऊटरमध्ये सुरक्षेचा प्रकार फक्त डब्ल्यूपीए३ ठेवला होता, आणि ते २०१८ सालचं. लॅपटॉप त्याच्या कितीतरी आधीचा. डब्ल्यूपीए२ आणि ३ मिळून असलेला पर्याय निवडला, लगेच लागलं. राऊटरमध्ये २.४ चा चॅनेल १, ६ किंवा ११ ठेव. काही डोंगलना १२-१३ दिसत नाहीत.

मेश (घरभर वाय-फाय पोचवायला एकमेकांना जोडलेले बरेच डबे) घ्यायचं असेल तर मात्र सगळे डबे एकाच कंपनीचे घे. आणि राऊटर टिनाच्या कूलरमागे ठेवू नको भाऊ, सिग्नल तिथंच अडतो.